पडून राहू की उठून चालू? मणक्याच्या दुखण्यानं हैराण झालेल्या डबेवाल्या ताईला उत्तर

पत्र

मावशी नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, वय ४४, घरगुती डबे देते आणि सणावाराला ऑर्डरी घेते. जूनमध्ये सकाळी उठल्या उठल्या सिंगतेलाचा पंधरा किलोचा डबा ओट्याखालून ओढून उचलला आणि कमरेत कट्ट झालं, दोन दिवसांनी उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत अशी कळ सुरू झाली की जीव नकोसा झाला. करंगळी आणि पावलाची बाहेरची कड बधिर आहे. एमआरआय काढला, त्यात एल-४ एल-५ ला बल्ज आणि एल-५ एस-१ ला उजवीकडे एक्सट्रुजन, नस दबलीये असं लिहिलंय, वाचून मी रडलेच. एका सर्जननी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी थांबा म्हटलं. मिस्टर म्हणतात तीन महिने बिछान्यातून उठायचं नाही. शेजारच्या बेन म्हणतात त्यांच्या गावी एक जण आहे, एका झटक्यात मणका बसवून देतो. सासूबाई तोंडावर काही बोलत नाहीत पण फोनवर नणंदेला सांगत होत्या की दिसायला तर काहीच झालेलं नाही. दोन महिने झाले, कळ आधीपेक्षा थोडी कमी आहे पण रात्री झोप नाही. गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. आता माझं सगळं संपलं का? आणि हसू नका, पण नवरात्रात गरबा करता येईल का?

उत्तर

अगं ताई, तू मावशी म्हणालीस म्हणून मीही सरळ अगं-तुगंच करते. हसायचं काय त्यात, बडोद्यात राहून नवरात्राचा विचार मनात आला नाही तरच मला काळजी वाटली असती. त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी.

आधी एक गोष्ट विचारते आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. लघवीला काही त्रास आहे का? म्हणजे लागते पण होत नाही, किंवा मूत्राशय भरलंय हेच कळत नाही, किंवा नकळत कपड्यात होते? संडासवर ताबा गेल्यासारखं वाटतं का? दोन्ही मांड्यांच्या मध्ये, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो ना तिथे, धुताना हात लागलेला कळत नाही असं झालंय का? कळ एका पायातून दोन्ही पायांत गेली आहे का? यातलं एक जरी आज, उद्या, कधीही सुरू झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करायचा नाहीतर रिक्षा करून सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं. मणक्याच्या खालच्या भागातला नसांचा अख्खा जुडगाच दबला की असं होतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे मिस्टरांना आणि मुलांनाही वाचून दाखव, कारण बायका लाजून ही गोष्ट घरात सांगतच नाहीत, मी आयुष्यभर फिजिओथेरपीचं काम केलंय आणि या लाजेपायी उशिरा आलेल्या बायका बघितल्यात.

करंगळी आणि पावलाची कड बधिर असणं हे वेगळं, त्यानं घाबरू नकोस. एल-५ एस-१ म्हणजे कमरेच्या अगदी तळाचा सांधा, तिथल्या गादीशेजारून जी एस-१ नावाची नस जाते तिचा रस्ताच तो आहे, कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरी, टाच, करंगळी. म्हणजे तुझं दुखणं आणि तुझा रिपोर्ट एकमेकांशी जुळतायत, ही चांगली गोष्ट आहे, कारण पुष्कळ जणांचे जुळत नाहीत आणि मग नको त्या जागेवर उपचार होत बसतात. आता एक कर, भिंतीला नुसती बोटं टेकून फक्त उजव्या पायावर उभी राहा आणि चवड्यावर उचलून बघ, आठ-दहा वेळा जमतं का, आणि डाव्या पायानं तेवढंच करून ताडून बघ. मग टाचांवर चार पावलं चालून बघ. बधिरपणापेक्षा ताकद किती आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उजवा चवडा अजिबात उचलत नसेल किंवा चालताना पाऊल लटकं पडून चप्पल निसटत असेल, आणि हे दिवसेंदिवस वाढत असेल, तर आठवडाभर थांबू नकोस, त्याच दिवशी सर्जनला फोन कर.

आता आत नक्की झालंय काय ते सांगते. दोन मणक्यांमध्ये गादी असते, बाहेरून चिवट पदर आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. तू पुरणपोळ्या करतेस ना, लाटताना एका कडेला जास्त जोर पडला की दुसऱ्या बाजूनं पुरण फुटून बाहेर येतं, तसा पुढे वाकून वजन उचलताना हा गर मागच्या बाजूनं पदर फाडून बाहेर आलाय आणि शेजारच्या नसेला टेकलाय. नुसता दाब एवढंच नसतं, त्या गरातल्या रसायनांनी नसेला सूजही येते, म्हणून ती कळ अशी करंट मारल्यासारखी, आग झाल्यासारखी असते आणि साध्या कंबरदुखीसारखी वाटत नाही. ज्यांना कधी झालं नाही त्यांना हे समजावून सांगणं फार कठीण आहे.

पण यातली जी गोष्ट तुला बहुतेक कोणी सांगितली नसेल ती अशी की बाहेर आलेला गर तिथेच कायम राहत नाही. आपलं शरीर त्याला परकी वस्तू समजतं, पेशी येऊन हळूहळू तो तुकडा खाऊन टाकतात, आणि गंमत अशी की नुसत्या फुगवट्यापेक्षा पूर्ण बाहेर आलेला मोठा तुकडा जास्त वेळा असा विरघळतो. एक्सट्रुजन शब्द वाचून तू रडलीस, पण वेळ दिला तर कमी होण्याची शक्यता त्याचीच जास्त असते. आणि तो दुसरा बल्ज, म्हणजे नुसता फुगवटा, एल-४ एल-५ चा, त्याचा तू विचारच करू नकोस. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते, तर चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या गादीला बल्ज निघाला आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांना. त्यांना काही होत नव्हतं गं, ते आपले कामाला जात होते, बाजारात जात होते. रिपोर्टमध्ये ते डिजनरेटिव्ह चेंजेस वगैरे जे लिहितात ते वयाचे केस पांढरे होतात त्यातलंच असतं बहुतेक वेळा.

मिस्टरांच्या तीन महिन्यांच्या बेडरेस्टचं बोलू. त्यांच्या मनात काळजी आहे, त्यांना रागावू नकोस, आपल्या लहानपणी डॉक्टर खरंच हेच सांगायचे, फळीवर झोपवून पायाला वजनं लावून ठेवायचे. पण १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या अशाच कळेच्या, १८३ पेशंटवर हे तपासून बघितलं, अर्ध्यांना दोन आठवडे बिछान्यात ठेवलं आणि अर्ध्यांना जमेल तसं रोजचं करू दिलं, बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारखेच म्हणजे ८७ टक्के लोक सुधारले होते. पडून राहून जास्त काही मिळालं नाही. आणि गमावतो मात्र पुष्कळ, पाठीचे आणि पायांचे स्नायू भराभर उतरतात, पोट साफ होत नाही, झोप बिघडते, मन खचतं. कळ असह्य असेल त्या दिवशी तास-दोन तास पड, पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेव म्हणजे गुडघे आणि कुल्ले काटकोनात येतात, दहा-पंधरा मिनिटं तसं राहिलं की बहुतेकांची नस शांत होते. पण त्यानंतर उठायचं.

उठून करायचं काय, तर चालायचं. एका दमात कमाटी बागेला चक्कर मारायला नाही सांगत मी. घरातल्या घरात पाच मिनिटं, तासा-दीड तासानं परत पाच मिनिटं, असं दिवसभर. चार दिवस नीट गेले की पाचाची सात कर, मग कमाटी बागेत सपाट वाट बघून जा, बाकांच्या जवळून चाल म्हणजे टेकायला जागा मिळते. आणि चालताना लक्ष एका गोष्टीवर ठेव, दुखणं पायात खाली खाली उतरतंय की वर कमरेकडे सरकतंय. पोटरीतली कळ कमी होऊन कंबर जास्त दुखायला लागली तर ते सुधारणेचं लक्षण आहे, पुष्कळ जणी तिथेच घाबरतात की आता कंबर पण गेली. उलट जे केल्यानं कळ टाचेपर्यंत उतरते आणि उतरलेलीच राहते ते त्या आठवड्यापुरतं थांबवायचं. पोटावर झोपून हातांवर छाती उचलायचा व्यायाम तुला कोणीतरी सांगेलच, तो काहींना फार छान लागू पडतो आणि काहींची कळ वाढवतो, म्हणून तो आधी एखाद्या चांगल्या फिजिओसमोर करून बघ, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून नको. थोडं दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटलं असं प्रत्येक वेळी नसतं, सुजलेली नस चिडकी असते, ती उगाचही ओरडते.

ऑपरेशन. करू की नको हे मी ठरवू शकत नाही आणि तुला न तपासता कोणीच ठरवू नये. पण विचार कसा करायचा ते सांगते. लघवीचा त्रास किंवा ताकद जात असेल तर ऑपरेशन लवकर, तिथे चर्चा नाही. तसं काही नसेल आणि फक्त कळच असेल तर तुझ्याकडे निवड आहे. २००७ साली पुन्हा नेदरलँड्समध्येच २८३ जणांवर अभ्यास झाला, सगळ्यांना सहा ते बारा आठवडे जोरदार सायटिका होता म्हणजे अगदी तुझ्यासारखेच, अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं आणि अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची पायातली कळ लवकर गेली, हे खरंच आहे. पण वर्षानंतर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे सहन झालं नाही म्हणून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं, तेही लपवायला नको. म्हणजे थांबणं हा मूर्खपणा नाही आणि ऑपरेशन करून घेणं हा कमकुवतपणा नाही. तुझी कळ आपणहून थोडी कमी व्हायला लागलीये ना, मग ताकद शाबूत असेल तर मी अजून काही आठवडे नीट उपचार घेऊन बघण्याच्या बाजूची आहे. सर्जनकडे परत जाशील तेव्हा हे विचार, माझी पायाची ताकद किती आहे, अजून सहा आठवडे थांबले तर माझं काय नुकसान होईल, आणि ऑपरेशननं पायाची कळ किती जाईल आणि कंबर किती. कारण हे ऑपरेशन मुख्यतः पायाच्या कळेसाठी असतं, नुसत्या कंबरेसाठी केलं तर निराशा होते. मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात त्याचंही विचारून घे, कायमचा इलाज नाही तो पण काही आठवड्यांचा आराम मिळाला तर चालणं आणि व्यायाम सुरू करता येतो.

शेजारच्या बेनच्या गावचा झटकेवाला मात्र नको, अजिबात नको. आपलं बडोदं व्यायामाचं गाव आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकरावांचं नाव घेतलं की आजही जुन्या लोकांचा हात कानाला जातो, आखाड्यात निखळलेला खांदा बसवणारी जाणती माणसं इथे होती आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण निखळलेला सांधा आणि गादीतून बाहेर आलेला गर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गर बाहेरून ढकलून आत जात नाही, आणि ज्याची नस आधीच दबलेली आहे त्याच्या कमरेला जोराचा पीळ दिला तर तो तुकडा अजून बाहेर येऊ शकतो. अशा झटक्यानंतर पाय लुळा पडून आलेला माणूस मी स्वतः तपासलाय. बेनना सांग डॉक्टरांनी सक्त मनाई केलीये, त्यांचा मान राहील आणि तुझी कंबरही राहील.

गोळ्यांचं थोडक्यात. सूज उतरवणाऱ्या पेनकिलर थोडे दिवस ठीक, पण महिनोन् महिने मेडिकलमधून आपल्या आपण आणून खाऊ नकोस, पोट, किडनी आणि बीपी तिघांवर परिणाम होतो, बीपी असेल तर डॉक्टरांना आधी सांग. नसांची म्हणून प्रीगाबालिन देतात, सायटिकाच्या बाबतीत २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात तिचा खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नव्हता आणि चक्कर मात्र जास्त आली, तू गॅसपाशी उभी असतेस म्हणून सांगतेय. पण चालू असेल तर एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर. पट्टा प्रवासात किंवा उभ्यानं जास्त काम असेल तेव्हा तासभर लाव, दिवसभर नाही. आणि शेकायचं तर कंबर शेक, बधिर पावलावर गरम पिशवी ठेवायची नाही, भाजलेलं कळतच नाही आणि सकाळी फोड आलेला दिसतो. शुगरही एकदा तपासून घे, पाय बधिर व्हायला तेही कारण असू शकतं आणि दोन्ही एकत्र असलं तर गोंधळ होतो.

आता तुझं स्वयंपाकघर, कारण माझ्या मते तुझा अर्धा इलाज तिथेच आहे. रात्री झोपल्यावर मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगते, सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं उंच असतो म्हणतात ते खरं आहे, आणि फुगलेल्या गादीवर वाकल्याचा ताण सगळ्यात जास्त येतो. तुझा तो डबा सकाळी उठल्या उठल्याच उचललास ना. म्हणून उठल्यावर पहिला तास वाकायचं काम नाही, केर नाही, ओट्याखालचं काढणं नाही, चपला पण बसून घाल. उठताना सरळ ताडकन बसू नकोस, आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, हातानं रेटून ऊठ. सकाळचे डबे लवकर असतात हे मला कळतं, मग भाज्या रात्रीच चिरून ठेव आणि सकाळी उभ्यानं जे होतं तेवढंच कर.

तेलाचा डबा इथून पुढे जमिनीवर ठेवायचाच नाही. दुकानदाराच्या मुलाला सांग, ओट्याशेजारी मजबूत स्टूल ठेव आणि त्यावरच ठेवून जा म्हणावं, आणि डब्याला तो हातपंप लाव म्हणजे तिरपा करायला नको. तेही जमत नसेल तर यंदा एक-एक लिटरचे पाउच आण, थोडे महाग पडतील पण चालेल. पिठाचा डबा, कुकर, मोठी पातेली, सगळं गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली यायला हवं, एक रविवार मुलांना घेऊन मांडणी बदलूनच टाक. सिलिंडर तुला हात लावायचा नाही, सरकवायचाही नाही.

कणीक खाली बसून मळतेस का? मांडी घालून पुढे झुकून जोर लावणं म्हणजे नेमकं त्याच जागेवर दाब. ओट्यावर उभ्यानं मळ, आणि ओटा ठेंगणा पडून वाकावं लागत असेल तर परातीखाली जाड पाट ठेव. एक पाय जमिनीवर आणि एक पाय छोट्या पाटावर, दहा मिनिटांनी पाय बदल, यानं कमरेचा बाक कमी होतो, माझ्या पोळ्या करणाऱ्या पेशंट बायकांना याचा जेवढा फायदा झाला तेवढा महागड्या पट्ट्यांचा नाही झाला. लाटणं वीस मिनिटांपेक्षा सलग नको, मध्ये दोन मिनिटं हात कमरेवर ठेवून हलकेच मागे वाक, गॅलरीपर्यंत जाऊन ये. डबे पोचवायला ॲक्टिव्हावर तू जाऊ नकोस सध्या, खड्ड्यांचे दणके बसून बसून नस परत चिडते, मुलाला नाहीतर एखाद्या पोऱ्याला लाव. खोकला, शिंक आली की सरळ उभी राहून भिंतीला हात टेक, वाकून शिंकलं की कशी वीज जाते पायातून ते तुला माहितीये. पोट साफ ठेव, कुंथल्यानं आतला दाब वाढतो, पाणी, भाजी, लागलं तर इसबगोल. आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते ती आणच. घरी हिंचका असेल आणि दुपारी त्यावर पोक काढून बसायची सवय असेल तर तेवढी थोडे महिने सोड, ते मऊ, खोल सोफेही सोड, कडक खुर्ची आणि कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल.

मोदकांच्या ऑर्डरी घे, पण अर्ध्याच. पाटावर बसून दोन-अडीचशे मोदक वळायचं वर्ष हे नाही. डायनिंग टेबलावर उकड मळायला घे, वळायला मुलीला आणि ओळखीतल्या एखाद्या बाईला पैसे देऊन बसव, तू सारण, उकडणं आणि हिशोब बघ. नफा कमी होईल, मला माहितीये, डब्यावर घर चालतं तिथे हे लिहिणं मला सोपं वाटत नाहीये, पण सप्टेंबरभर परत झोपून राहावं लागलं तर नुकसान जास्त आहे. आणि कामच पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही, कामावर लवकर परतणाऱ्यांचं दुखणं वाढतंच असं नाही, उलट हाताला काम असलं की मनही सावरतं.

झोपेसाठी, कुशीवर झोप, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी, डावी बाजू खाली आणि दुखरा पाय वर. पाठीवर झोपायचं तर गुडघ्यांखाली उशी. कापसाची गादी मध्ये खड्डा पडलेली असेल तर बदल, पण नुसत्या लाकडी फळीवर झोपायची काही गरज नाही. रात्री दोनला जाग आली की तळमळत पडू नकोस, ऊठ, घरात चार फेऱ्या मार, परत झोप.

सासूबाईंचं वाचून मला वाईट वाटलं. प्लास्टर नाही, टाके नाहीत, जखम नाही, आणि सकाळी तू पोळ्या करताना दिसतेस आणि संध्याकाळी कण्हत असतेस, बघणाऱ्याला ते खोटंच वाटतं. नसेचं दुखणं असंच असतं, दिवसात चारदा बदलतं. सासूबाईंशी भांडू नकोस पण गप्पही बसू नकोस, एकदा डॉक्टरकडे जाताना त्यांना नाहीतर मिस्टरांना बरोबर घेऊन जा, डॉक्टर तुझा पाय सरळ वर उचलतात ना तेव्हा किती अंशावर तुझा चेहरा बदलतो ते त्यांना समोर बघू दे. आणि घरात नुसतं दुखतंय म्हणू नकोस, कोणतं काम कोणी करायचं ते नाव घेऊन सांग, बादल्या मुलगा उचलेल, केर मुलगी काढेल, दळण मिस्टर आणतील. लोकांना काय करायचं ते कळलं की बहुतेक जण करतात. आणि रडू येणं, सगळं संपलं असं वाटणं, हेही या दुखण्याचाच भाग आहे, महिनोन् महिने झोप नसेल तर कोणाचंही मन कोसळतं. रोजच तसं वाटायला लागलं, जगण्यात अर्थ नाही असं मनात यायला लागलं तर ते डॉक्टरांना सांग, त्यालाही औषध आहे आणि मन शांत झालं की दुखणंही कमी सोसावं लागतं.

आता गरबा. नवरात्राला अजून वेळ आहे आणि तोपर्यंत तू सलग अर्धा तास पायात कळ न येता चालू शकलीस, आणि उजव्या चवड्यावर डाव्याइतकीच उचलू शकलीस, तर माझ्याकडून हो. मोठ्या ग्राउंडवर नाही, तिथे एकदा वर्तुळात शिरलं की बाहेर पडता येत नाही आणि वेग वाढला की पायाला भान राहत नाही. आपल्या शेरीतला गरबा, सुरुवातीची संथ बे ताळी म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, पाच-दहा मिनिटं, मग खुर्ची. वाकून टाळी द्यायची नाही, हात छातीच्या उंचीला ठेव, उड्या आणि गिरक्या यंदा मुलींना करू देत. पाऊल बधिर असेल तर अनवाणी उतरायच्या आधी जमीन बघून घे आणि घरी आल्यावर तळवे. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ पोटरीत उतरलेली नसेल तर परत जा, उतरली असेल तर दोन दिवस सुट्टी. आणि ते चवड्यावर उचलणं नीट जमलं नाही तर यंदा खुर्चीवर बसून टाळ्या, पुढच्या वर्षी उभ्यानं.

ते चवड्यावर उभं राहायचं मात्र आज संध्याकाळीच करून बघ आणि दोन्ही पायांनी किती वेळा जमलं ते मला लिहून कळव, त्यावर पुढचे व्यायाम सांगते.